अकरा एक्स-रे आणि एक राहून गेलेली नळी

खुर्चीत बसायच्या आधीच नव्या रुग्ण बाईंनी मोबाइलची गॅलरी उघडून माझ्यासमोर धरली. वरच्या डाव्या बाजूच्या एकाच दाढेचे अकरा डिजिटल एक्स-रे. खरं तर एक्स-रे नव्हेत, दवाखान्यातल्या पडद्याचे मोबाइलने काढलेले फोटो. काहींत दिव्याचं प्रतिबिंब, एकात फोटो काढणाऱ्याचा अर्धा अंगठा. चार महिन्यांत तीन दवाखाने झाले होते आणि तीन वेगळी निदानं हातात पडली होती.

पहिल्या ठिकाणी सांगितलं होतं, कॅपखाली कीड आहे, कॅप काढून नवी बसवा. दुसऱ्या ठिकाणी, एक्स-रे स्वच्छ आहे, दाढेला काही झालेलं नाही, जबड्याच्या स्नायूंचं दुखणं असेल. तिसऱ्या ठिकाणी मुळाला तडा गेल्याचा संशय. दाढ काढून इम्प्लांट करा आणि त्याआधी दोन्ही जबड्यांचा सीबीसीटी, म्हणजे थ्री-डी एक्स-रे स्कॅन, काढून आणा.

पुढे जो उपचार झाला तो कुठल्याही रूट कॅनाल तज्ज्ञाच्या रोजच्या कामातला आहे. त्यासाठी एवढं लिहायची गरज नव्हती. मला खटकलं ते हे, की यंत्रं चांगली, चित्रं भरपूर, बघणारेही शिकलेले, तरी उत्तर कुणालाच सापडलं नाही. (ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

तक्रार आणि तपासणी

वय ३८. वरच्या डाव्या पहिल्या दाढेचं रूट कॅनाल तीन वर्षांपूर्वी झालेलं, वर धातू-सिरॅमिकची कॅप. चार महिन्यांपासून त्या बाजूने चावलं की कळ येते, पण दर वेळी नाही. झोपमोड होईल असा ठणका नाही, सूज नाही, थंड-गरमाचा त्रास नाही. अधूनमधून गालाच्या वरच्या भागात जडपणा. मधुमेह वगैरे काही नाही, चालू औषध नाही.

बसल्या बसल्या त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो दुखण्याबद्दल नव्हताच. "डॉक्टर, अकरा वेळा किरणं गेली माझ्या डोक्यात. मला काही होणार नाही ना?"

त्याचं उत्तर आधी दिलं, कारण ती भीती मनात ठेवून माणूस बाकीचं काही ऐकत नाही. तोंडात सेन्सर ठेवून काढलेल्या एका छोट्या एक्स-रेचा डोस यंत्र आणि पद्धतीनुसार साधारण १ ते ८ मायक्रोसिव्हर्ट (किरणांच्या डोसचं एकक; हजार मायक्रो म्हणजे एक मिलिसिव्हर्ट) असतो. आपण काहीही न करता नुसते जगत असतो तेव्हा माती, हवा, अन्न आणि आकाशातून मिळणारा नैसर्गिक किरणोत्सर्ग जगाच्या सरासरीने वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे दिवसाला साडेसहा मायक्रोसिव्हर्टच्या आसपास. अकरा एक्स-रे पाच-पाच मायक्रोसिव्हर्टचे धरले तरी बेरीज ५५ होते. आठ-नऊ दिवसांच्या नुसत्या जगण्याइतकी. "घाबरण्यासारखं काही झालेलं नाही," मी म्हणाले, "पण काही उपयोगही झालेला दिसत नाही, त्याचं वाईट वाटतं."

मग हात, आरसा आणि प्रोब, म्हणजे दाताभोवती हिरडीची खोली मोजायची बारीक काडी. हा भाग थोडक्यात सांगते, पण निदानाची अर्धी वाट इथेच सरली. शेजारच्या दोन्ही दातांनी थंडाच्या चाचणीला नेहमीसारखा प्रतिसाद दिला, म्हणजे त्यांच्यातली नस जिवंत आणि धडधाकट. तक्रारीच्या दाढेवर आरशाच्या दांड्याने ठोकलं तर "हो, इथेच" असं लगेच आलं. गालाच्या बाजूला, पुढच्या मुळाच्या टोकावर हिरडी दाबली तर किंचित दुखरी. दाढेभोवती प्रोब फिरवला तर सगळीकडे खोली तीन मिलिमीटरच्या आत. मुळाला उभा तडा असतो तेव्हा बऱ्याचदा एकाच जागी प्रोब अचानक खोल उतरतो, अरुंद विहिरीत दोर सोडावा तसा. इथे तसं कुठेच झालं नाही. त्याने तडा नाहीच असं सिद्ध होत नाही, पण दाढ उपटायची घाई करायचं कारण उरत नाही. कॅपच्या कडेवरून टोकदार एक्स्प्लोरर फिरवला. कड घट्ट, कुठे अडकला नाही, कुठे मऊ लागलं नाही.

म्हणजे एक्स-रे बघायच्या आधीच संशयाचं बोट पुढच्या, गालाकडच्या मुळाच्या टोकाकडे वळलं होतं. आता एक्स-रेला काय विचारायचं ते ठरलं होतं.

आधीचे एक्स-रे: मूळ फाइल मागवल्यावर

मोबाइलवरचे फोटो मी बाजूला ठेवले आणि तिन्ही ठिकाणी मूळ फाइल मागितल्या. एकीकडून डायकॉम फाइल आल्या, एकीकडून जेपेग, आणि एकीकडून साध्या कागदावर छापलेला प्रिंट. डायकॉम हा वैद्यकीय चित्रांचा ठरलेला साचा. त्यात चित्राबरोबर कधी काढलं, कोणत्या यंत्रावर काढलं ही माहिती राहते आणि करड्या रंगाच्या छटाही काटछाट न होता येतात. सेन्सर १२ किंवा त्याहून जास्त बिटचं चित्र पकडू शकतो, म्हणजे किमान ४,०९६ छटा. जेपेग झालं की त्याच्या २५६ होतात. वर मोबाइलने पडद्याचा फोटो काढला की जे उरतं त्यावरून दातांची संख्या मोजता येईल, निदान करता येणार नाही.

पहिल्या दवाखान्याने दाखवलेली 'कीड' मूळ फाइलमध्ये शोधू लागले. त्यांच्या चित्रात कॅपच्या धातूच्या कडेला लागून एक बारीक काळी रेघ होती. कुणालाही कीड वाटावी अशीच. मात्र त्या चित्रावर धार वाढवणारा फिल्टर लावलेला होता; बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये तो आपोआप चालू असतो आणि कुणी कधी बंद करत नाही. हा फिल्टर उजळ आणि गडद भागांमधली सीमा ठळक करतो. ठळक करताना तो उजळ बाजू आणखी उजळ आणि गडद बाजू आणखी गडद करतो. धातूची कॅप एक्स-रेत पांढरीशुभ्र, तिला लागून असलेला दात करडा. एवढ्या मोठ्या फरकाच्या कडेला फिल्टर स्वतःच एक काळी किनार ओढून ठेवतो. शिवाय आपले डोळेही हेच करतात, पांढऱ्याला लागून असलेला करडा रंग आपल्याला आहे त्यापेक्षा काळा दिसतो. यंत्राची खोडी आणि डोळ्यांची खोडी एकावर एक चढली.

फिल्टर काढला. रेघ गेली. एक्स्प्लोररने कड घट्ट असल्याचं आधीच सांगितलं होतं. नवी कॅप बसली असती, छान दिसली असती, आणि आतलं दुखणं तिच्याखाली तसंच राहिलं असतं.

इथे थोडं विषयांतर. जुन्या फिल्मवर चूक लपत नसे. किरणं जास्त झाली की फिल्म काळीकुट्ट, कमी झाली की फिकी. डेंटिस्टला लगेच कळायचं की सेटिंग चुकलं. डिजिटलमध्ये सॉफ्टवेअर उजेड-अंधार सावरून घेतं. फॉस्फर प्लेटच्या पद्धतीत (तोंडात पातळ पट्टी ठेवून ती नंतर स्कॅनरमध्ये वाचतात) तर जास्त किरणं दिली तर चित्र उलट कमी दाणेदार आणि गोजिरं दिसतं, त्यामुळे नकळत सेटिंग वर वर सरकत जातं. केबलच्या सेन्सरची गंमत वेगळी. त्याची सहनशक्ती कमी, मर्यादा ओलांडली की हाडाचे पातळ भाग चित्रातून चक्क पुसले जातात. दोन दातांमधल्या हाडाचं निमुळतं टोक असं 'जळून' गेलं की हिरडीचा आजार नसलेल्या माणसाला हाड झिजल्याचं ऐकावं लागतं. या अकरांपैकी दोन चित्रांत तसं झालं होतं.

डिजिटलने रुग्णाचा डोस कमी केला हे खरंच आहे. जुन्या मंद फिल्मच्या तुलनेत तो निम्म्याहूनही खाली येतो. फ्रान्समध्ये फ्रान्सिस मुयाँ यांनी विकसित केलेली पहिली यंत्रणा १९८७ साली रेडिओव्हिजिओग्राफी या नावाने आली, म्हणून आजही दवाखान्यात 'एक आरव्हीजी काढून घ्या' असंच म्हणतात. त्यापूर्वी फिल्म काढायची, अंधाऱ्या डब्यात हात घालून धुवायची, वाळवायची. पाच मिनिटं जायची म्हणून काढण्यापूर्वी विचार व्हायचा. आता चित्र दोन-तीन सेकंदांत पडद्यावर येतं, नाही जमलं तर पुन्हा बटण. वाचवलेला डोस अशा 'पुन्हा एकदा'मध्ये परत खर्च होतो.

अकरा चित्रं, कोन एकच

आता मुख्य गोष्ट. अकराही चित्रं ओळीने लावून पाहिली. दोन-चार अंशांचा फरक सोडला तर सगळी एकाच कोनातून, आणि तीही बऱ्याच तिरक्या, वरून खाली येणाऱ्या कोनातून. सेन्सर होल्डरमध्ये न ठेवता बोटाने धरायला लावला की असंच होतं. बोटाच्या दाबाने सेन्सर दाताला टेकून तिरका होतो, मग ट्यूबही तिरकी घ्यावी लागते.

वरच्या पहिल्या दाढेसाठी हा कोन घातक. तिच्या मुळांच्या बाहेरच्या अंगाला गालाच्या हाडाचा जाड उंचवटा असतो. किरण वरून तिरके आले की त्या हाडाची पांढरी सावली नेमकी मुळांच्या टोकांवर पडते. त्यामागे सायनसचा, म्हणजे गालामागच्या हाडातल्या हवेच्या पोकळीचा तळ, आणि टाळूकडचं लांब मूळ. एका सपाट चित्रात एवढी गर्दी. दुसऱ्या दवाखान्याने 'एक्स-रे स्वच्छ' म्हटलं होतं त्यात मुळाच्या टोकाजवळ काही काळं दिसत नव्हतं हे बरोबरच होतं. तिथे एवढं पांढरं पडलं होतं की काळं असतं तरी दिसलं नसतं.

हाडाचं आणखी एक आहे. मुळाच्या टोकाशी संसर्ग झाला की हाड विरघळू लागतं, पण एक्स-रेत ते लगेच दिसत नाही. बेंडर आणि सेल्ट्झर या संशोधकांनी १९६१ साली मृतदेहांच्या जबड्यांत मुद्दाम पोकळ्या कोरून एक्स-रे काढले. आतल्या जाळीदार हाडातच असलेल्या पोकळ्या चित्रात उमटल्या नाहीत. बाहेरच्या घट्ट हाडाला धक्का लागला तेव्हाच दिसू लागल्या. खनिजाचा ३० ते ५० टक्के भाग गेल्याशिवाय काळं दिसत नाही असा अंदाज म्हणूनच सांगितला जातो. 'एक्स-रेत काही नाही' याचा अर्थ एवढाच घ्यायचा की या कोनातून, या घडीला, काही दिसलं नाही.

मग मी काय केलं? मीही एक्स-रेच काढले. पण तीन वेगवेगळे, प्रत्येक वेगळ्या प्रश्नासाठी.

पहिला बाइटविंग. दात मिटून, किरण आडवे. कॅपच्या कडेखाली कीड आहे का आणि हाडाची पातळी कुठे आहे, या दोन प्रश्नांना याच्याइतकं सरळ उत्तर दुसरं चित्र देत नाही. कीड नव्हती, हाड जागेवर होतं.

दुसरा सरळ, होल्डर लावून, सेन्सर दाढेला समांतर. यात पहिला प्रयत्न फसला. सेन्सर हा जवळपास पाच मिलिमीटर जाडीचा कडक तुकडा, त्यात त्यांचा टाळू उथळ; टोचला, उमासा आला, मान हलली आणि चित्राच्या कोपऱ्यात पांढरी चंद्रकोर उमटली, म्हणजे किरणांचा झोत सेन्सरच्या त्या भागावर पडलाच नाही. चूक माझी. घाईत सेन्सर दाढेला चिकटवून ठेवला होता. उथळ टाळूच्या माणसात तो दातापासून दूर, टाळूच्या मधोमध जिथे जास्तीत जास्त उंची मिळते तिथे ठेवायचा असतो. तसं केलं, होल्डरवर कापसाची गुंडाळी ठेवली, नाकाने श्वास घेत पाय किंचित उचलून धरायला सांगितलं. (पायाकडे लक्ष गेलं की उमासा विसरतो. कारण मला नीट सांगता येणार नाही, पण बहुतेक वेळा चालतं.) गालाच्या हाडाची सावली मुळांच्या वर सरकली. पुढच्या मुळाच्या टोकाभोवतीची काळी रेघ (मूळ आणि हाड यांच्यामधली फट) शेजारच्या मुळांपेक्षा थोडी रुंद दिसली. थोडीच.

तिसरा त्याच उंचीवरून, फक्त ट्यूब पुढच्या दातांकडे सरकवून सुमारे २० अंश तिरकी. ही युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. ट्यूब ज्या बाजूला सरकते त्या बाजूला टाळूकडची वस्तू चित्रात सरकते आणि गालाकडची वस्तू उलट दिशेने. एकामागे एक उभे असलेले दोघे जण आपण बाजूला झालो की वेगवेगळे दिसावेत तसं. सरळ चित्रात पुढच्या मुळातली रूट कॅनालची पांढरी भरणी अगदी मधोमध भासत होती. तिरक्या चित्रात ती मुळाच्या मागच्या कडेला सरकली आणि पुढची बाजू रिकामी राहिली.

एका मुळात एकच नळी (नस असते ती पोकळ वाट) असेल तर भरणी कुठूनही पाहा, मध्येच राहायला हवी. ती एका कडेला जाते तेव्हा दुसऱ्या कडेला कुणीतरी राहत असतं.

वरच्या पहिल्या दाढेच्या पुढच्या मुळात ही दुसरी नळी, बोलीभाषेत एमबी-टू, निम्म्याहून जास्त लोकांत असते. बारीक, तोंडाशी बऱ्याचदा चुन्यासारख्या थराने झाकलेली, पहिलीपासून किंचित टाळूकडे. राहून जाणं हा मोठा गुन्हा नव्हे, माझ्या हातूनही राहिली आहे. आधीचं रूट कॅनाल बाकी नीटनेटकं होतं, तेही सांगायला हवं.

सीबीसीटी हवा होता का?

हवा होता, पण तिसऱ्या दवाखान्याने सांगितलेला नव्हे. आधी उपचार होऊनही दाढ बरी होत नसेल तर लहान क्षेत्राचा सीबीसीटी काढावा, असं रूट कॅनाल आणि दंत-रेडिओलॉजीच्या अमेरिकी संघटनांचं संयुक्त मत आहे. सुरुवात मात्र साध्या एक्स-रेनेच करावी हेही त्याच निवेदनात आहे. सीबीसीटीचा डोस क्षेत्र, यंत्र आणि सेटिंगनुसार काही दशक मायक्रोसिव्हर्टपासून कित्येक शेकड्यांपर्यंत जाऊ शकतो. प्रश्न एका मुळाचा असताना दोन्ही जबडे कशाला? क्षेत्र लहान घेतलं की डोस कमी होतो आणि बारकावेही जास्त मिळतात, दोन्ही फायदे एकाच बाजूला. सुमारे पाच सेंटिमीटरचं, फक्त त्या दाढेभोवतीचं क्षेत्र मागवलं, आणि चिठ्ठीवर प्रश्न लिहून दिला: पुढच्या मुळात न भरलेली दुसरी नळी आहे का, टोकाशी हाड गेलंय का, सायनसच्या तळाची स्थिती काय.

तिन्हींची उत्तरं आली. न भरलेली नळी आडव्या छेदात स्पष्ट, पांढऱ्या ठिपक्याच्या शेजारी एक काळा ठिपका. मुळाच्या टोकाभोवती सुमारे चार मिलिमीटरचा काळा भाग. त्याच्या बरोब्बर वर सायनसचं अस्तर जाड झालेलं. गालातल्या जडपणाचा उगम बहुधा तोच.

अहवालात आणखी एक ओळ होती: टाळूकडच्या मुळाजवळ काळी तिरपी रेघ, तडा असण्याची शक्यता. हे वाचून क्षणभर पोटात गोळा आला. मग छेद पुढे-मागे सरकवून पाहिले. रेघ मुळाच्या बाहेर हाडातही तशीच सरळ जात होती, आणि कॅप व भरणीच्या रेषेतच होती. धातू आणि दाट भरणी किरणांना अडवतात, त्यामुळे सीबीसीटीत त्यांच्यापासून काळ्या-पांढऱ्या रेघा फुटतात. तडा हाडात चालत जात नाही. ज्यांनी अहवाल लिहिला त्यांना फोन केला, त्यांनीही पुन्हा पाहून ते मान्य केलं. भरणी झालेल्या मुळात तडा शोधायला सीबीसीटीवर डोळे झाकून भिस्त ठेवता येत नाही ते याचमुळे. 'थ्री-डी' हा शब्द ऐकला की रुग्णच काय, आपणही जरा दिपतो.

रुग्णाशी बोलणं

पडद्यावर दाढ हातभर मोठी दिसते. मिलिमीटरची रेघ भिंतीच्या भेगेएवढी होते, आणि समोर बसलेला माणूस घाबरून हो म्हणतो. या गोष्टीचा उपयोग समजावण्यासाठी होतो तसा विकण्यासाठीही होतो. मी दोन्ही पाहिलंय. म्हणून त्यांना सरळ आणि तिरकं चित्र शेजारी-शेजारी लावून दिलं आणि काही न सांगता विचारलं, "दोन्हीत काय वेगळं दिसतं?" त्या थोडा वेळ बघत राहिल्या. "पांढरी रेघ इथे मधोमध आहे आणि इथे भिंतीला लागलीय." बस, एवढंच होतं.

पर्याय तीन ठेवले. पुन्हा रूट कॅनाल. ते जमलं नाही तर मुळाचं टोक शस्त्रक्रियेने साफ करणं. आणि दाढ काढणं. काही न करण्याचा पर्यायही असतोच, पण आत संसर्ग आहे हे दिसल्यावर तो मी सुचवला नाही. यश नक्की मिळेल असं म्हटलं नाही.

त्यांनी मग विचारलं, "मागच्या ठिकाणी अंगावर जड कोट घातला होता, तुम्ही घातला नाहीत." चांगला प्रश्न. शिशाच्या एप्रनची सवय दाढेच्या एक्स-रेला फार जुनी. २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकन डेंटल असोसिएशनने मात्र एप्रन आणि गळ्याची पट्टी नेहमीच्या दंत एक्स-रेत वापरू नये असं सुचवलं. अंगापर्यंत पोचणारे किरण आधीच नगण्य असतात आणि गळ्याची पट्टी कधी कधी झोताच्या आड येऊन चित्र बिघडवते, म्हणजे पुन्हा काढावं लागतं. खरा बचाव झोत सेन्सरच्या आकाराएवढा चौकोनी करण्यात आणि चित्र पहिल्याच खेपेला नीट येण्यात आहे. जिथे कायद्याने एप्रन सक्तीचा आहे तिथे तो घालायचाच, आणि कुणाला घातल्याने बरं वाटत असेल तर झोताच्या आड न येता घालायला माझी हरकत नसते.

सेन्सर बोटाने धरायला का लावत नाही, हेही त्यांना सांगितलं. जर्मन डेंटिस्ट वाल्कहॉफ यांनी १८९६ साली स्वतःच्या दातांचं चित्र काढलं तेव्हा २५ मिनिटं लागली होती. आज सेकंदाचा एखादा दशांश पुरतो. मधल्या काळात अमेरिकेतले डेंटिस्ट एडमंड केल्स ट्यूब जुळवण्यासाठी स्वतःचा हात झोतात धरत. बोटं गेली, मग हात गेला, आणि १९२८ साली त्यांनी आयुष्य संपवलं. रुग्णाच्या बोटाला एका एक्स-रेने काही होत नाही हे मला माहीत आहे. तरी होल्डर असताना बोट झोतात कशाला?

उपचार

कॅप काढली नाही, तिच्यातूनच वाट केली. रबर डॅम (दाढ लाळेपासून वेगळी ठेवणारा रबराचा पडदा), मायक्रोस्कोप. जुन्या नळीच्या तोंडापासून टाळूकडे जाणाऱ्या खोबणीवरचा थर अल्ट्रासॉनिक टोकाने हळूहळू काढत गेल्यावर दीड मिलिमीटर अंतरावर बारीक ठिपका सापडला. सीबीसीटीवर अंतर आधीच मोजलं होतं, त्यामुळे अंधारात चाचपडावं लागलं नाही. सगळ्या नळ्यांतली जुनी भरणी काढली, नीट धुतलं, औषध भरून दोन आठवडे ठेवलं. दुसऱ्या भेटीत दुखणं नव्हतं. भरणी पुरी केली.

नळीची लांबी मोजायला इलेक्ट्रॉनिक अपेक्स लोकेटर वापरला, त्यामुळे उपचारादरम्यान दोनच एक्स-रे लागले. एक भरणीपूर्वी, एक शेवटी. दोन्ही मुद्दाम त्याच २० अंशांच्या कोनातून, म्हणजे दोन नळ्यांच्या दोन पांढऱ्या रेघा वेगवेगळ्या दिसाव्यात. दिसल्या.

पुढे

सहा महिन्यांनी चावताना त्रास नव्हता, गालाचा जडपणा गेला होता. त्याच होल्डरने, त्याच सेटिंगवर, फिल्टर न लावता एक सरळ एक्स-रे काढला. कोन बदलला की जुन्या-नव्याची तुलनाच होत नाही, म्हणून पहिल्या दिवशी नोंदवून ठेवलेले आकडे इथे कामी आले. वर्षाने आणखी एक. टोकाभोवतीची रुंद रेघ बारीक झाली आहे आणि हाडाची जाळी परत दिसू लागली आहे. बरं होतंय असं म्हणते. बरं झालं असं अजून लिहिलेलं नाही, कारण अशा हाडाच्या भरून येण्यावर गरज पडली तर चार वर्षांपर्यंत लक्ष ठेवायचं असतं. सीबीसीटी पुन्हा काढला नाही. तक्रार नाही, साधं चित्र सुधारतंय, मग सायनसचं अस्तर किती उतरलं हे केवळ माझ्या कुतूहलासाठी बघायचं कारण नव्हतं.

हिशोब केला तर मीही थोडेथोडके एक्स-रे काढलेले नाहीत. फसलेला धरून सुरुवातीचे चार, उपचारातले दोन, नंतरचे दोन, शिवाय सीबीसीटी. आधीच्या अकरांपेक्षा डोस माझ्याच खात्यात जास्त असेल. हे त्यांनाही सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "पण या वेळी कशासाठी काढताय ते दर वेळी सांगितलंत."

जाताना त्यांनी सगळ्या मूळ फाइल पेन ड्राइव्हवर मागून घेतल्या, डायकॉममध्येच. पुढच्या वर्षीची तारीख दिली आहे.